हातात बदाम असताना

नवऱ्याने बदामाच्या राजावर हुकमाची दुर्री मारली आणि प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "छान!"

छान कसलं डोंबल! बदामाची पानं त्याच्याकडे असणारच. कालच्या डावातही होती. तेव्हाही त्याने हुकूमच मारला होता आणि पुढच्याच उतारीला खुशाल बदामाची राणी टाकली होती. उतारीचं पान हातात असताना हुकूम मारायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बाईंनी राजा आणि दुर्री त्याच्या बाजूला सरकवली आणि ओठ ताणून हसल्या.

खेळांमधून उपचार हा बाईंचा विषय. उभा जन्म त्यात गेला. मणी ओवायला लावून त्यांनी आखडलेली बोटं मोकळी केली, चेंडू झेलायला लावून गेलेला तोल परत आणला, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसांना उठवून सोंगट्यांच्या पटाशी बसवलं. विभागात त्यांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्या विद्यार्थ्याची त्या चांगली खरडपट्टी काढायच्या. रुग्णाची चूक दाखवायची नाही. त्याने पान टाकलं यातच सगळं आलं. कोणतं टाकलं ते आपण बघायचं नाही, छान म्हणायचं.

हा नियम घराचा उंबरठा ओलांडून कधी आत आला नव्हता. रोज संध्याकाळी नवरा-बायको पत्ते कुटायला बसायचे आणि भांडायचे. एकेका पानावरून तासतासभर. बाई तावातावाने बोलायच्या, नवरा थंडपणे एकेक मुद्दा खोडून काढायचा, शेजारचे उठून आपली खिडकी लावून घ्यायचे. चुकून कधी बाईंच्या तोंडी विभागातला तो मधाळ सूर आलाच, तर नवरा पानं पालथी घालायचा. "प्राध्यापिकाबाई, तुम्ही अजून कामावरच आहात. आधी घरी या, मग खेळू."

मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, "वाचा हळूहळू येईल. पण डोक्यात किती शाबूत राहिलंय, ते त्यांच्या वागण्यावरूनच कळेल." बाईंनी रजा टाकली. एका लाकडी पट्टीला स्वतः करवतीने खाच पाडली, म्हणजे पानं त्यात उभी राहतील आणि डाव्या हाताने खेळता येईल. त्या पट्टीवरच्या पहिल्याच डावात नवऱ्याने हातात बदाम असताना हुकूम मारला.

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. गेल्या महिन्यातला डाव पानन् पान सांगणारा हा माणूस, त्याला आता बदाम आणि हुकूम वेगळे कळेनात. म्हणजे गेलाच की तो. ज्याच्याशी भांडण्यात जन्म गेला तो कुठेतरी निघून गेला आणि त्याचं नुसतं अंग इथे खुर्चीत राहिलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. छान म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने तेच केलं, त्याही तेच म्हणाल्या. पुढे ते रोजचंच होऊन बसलं. तो चुकीचं पान टाकून त्यांच्याकडे टक लावून बघायचा. त्या छान म्हणायच्या. मग तो भिंतीकडे मान वळवायचा. बोलणं म्हणाल तर 'बरं' आणि 'नको', तिसरा शब्द नाही.

आज सकाळी लेकीचा फोन आला होता. "आई, तू थकलीस गं. तुझ्या विभागातल्याच कुणाला तरी घरी बोलावू या का? बाहेरच्या माणसाचं ऐकतील बाबा."

लेक मायेनेच बोलली, पण बाईंना ते जिव्हारी लागलं. जगाला खेळायला शिकवून झालं आणि घरचा माणूस होता तिथेच. दिव्याखाली अंधार तो हाच. दिवसभर त्या धुमसत होत्या. डाळ करपली, कपबशी फुटली, राग काही उतरला नाही.

"आता आपण पुढचं पान टाकू या हं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने डावा हात पट्टीकडे नेला. सावकाश एक पान उपसलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. बदामाचा एक्का. मग तो नेहमीसारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

बाईंचं डोकं सटकलं.

"अहो, काय चाललंय काय हे! एक्का जवळ होता आणि माझ्या राजावर हुकूम मारलात? लबाडी आहे ही, सरळ सरळ लबाडी! उचला ती दुर्री. उचला म्हणते ना! रोज बघतेय मी, डोळे फुटलेत का माझे?"

बोलून गेल्या आणि त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण आजारी माणसावर ओरडलो. ज्याला काही कळत नाही, त्याच्यावर. हातातली पानं खाली पडली ती उचलायचंही त्यांना सुचेना.

पण नवऱ्याने आज भिंतीकडे मान वळवली नाही. त्याच्या तोंडाची डावी कड वर गेली होती. त्याने आपल्या ढिगातून दुर्री शोधून काढली आणि पट्टीच्या खाचेत परत उभी केली. मग राजा बाहेर ओढला, त्याच्यावर एक्का नीट बसवला आणि जड जिभेने एकेक शब्द खेचत म्हणाला,

"आलीस... एकदाची... घरी."