कपिलचा नंबर

चौथ्या महिन्यात दारव्ह्याच्या दवाखान्यात प्रणालीच्या गर्भपिशवीच्या तोंडाची कॅन्सरसाठीची तपासणी झाली. प्रणालीकडे स्वतःचा मोबाईल होता, तरी रिपोर्ट कळवायला सिस्टरला नंबर दिला कपिलनेच, अन् तोही आपला. "तुले कायले टेन्शन? मी पाह्यतो नं सारं!" रिपोर्ट चांगला आल्याचंही त्यानेच सांगितलं. असा जपणारा नवरा नशिबानेच मिळतो, असं प्रणाली गल्लीभर सांगत सुटली.

पोरगा झाला. कपिलने वॉर्डभर पेढे वाटले, लेकराला मांडीवर घेतलं आणि हळूच म्हणाला,



"आता जाऊ दारव्ह्याच्या त्या डॉक्टरीणबाईकडं. तुया तपासणीत खराबी निघालती, लवकर आना म्हणून लय फोन आले तिचे. म्या म्हटलं, पयले लेकरू तं हाती येऊ दे."