चेहऱ्याची जागा

“या मखमलीत जीव उकडतोय नुसता, आणि नाक खाजवायचीही चोरी!” सखोबा हुजऱ्या पुटपुटला.

“हलू नका. तलवारीवरचा हात ढळतोय,” चित्रकार म्हणाला.

महाराज आजारी, म्हणून त्यांचा झगा आणि कंठा चढवून सखोबा तीन आठवडे उभा राहत होता. सगळं जुन्या विलायती राजांच्या चित्रांसारखं हवं होतं, मागे जाडजूड खांब, लाल पडदा आणि एक पाय ऐटीत पुढे. चेहऱ्याची जागा तेवढी कोरी होती. महाराज उठून बसले की ती भरायची, असं सगळेच म्हणत. त्यांना रोज चमच्याने पेज भरवणारा सखोबाही म्हणे. राणीसाहेबांना मात्र हे सोंग कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सहज दारात आल्या आणि पाठमोरा झगा पाहून धावल्याच. “उठलात? मला हाकसुद्धा मारली नाहीत!”

सखोबा वळला. त्यांचा हात त्याच्या बाहीवर तसाच राहिला. पुढे काढलेला पाय त्याने हळूच मागे घेतला.

“राणीसाहेब, आज त्यांनी पेज गिळली नाही,” तो म्हणाला. “चेहरा आजच काढून घेऊ द्या. महाराज आता उठायचे नाहीत.”