पाणी पळवायचं की रेंगाळू द्यायचं?

धाकट्याचा कॉम्प्युटर पाण्यावर थंड होणारा, तरी ऐन कामात तापून बंद पडायचा. कार्टूनफिल्म तर उद्याच द्यायची होती. थोरला भाऊ बाह्या सरसावून मदतीला बसला.

"पाणी पळवतोस कशाला? मागच्या रेडिएटरच्या जाळीत जरा रेंगाळलं तरच निवेल ना!" म्हणत त्याने पंप हळू केला. तापमान उलट चढलं.

"झालं समाधान?" धाकट्याने पंप फुल्ल सोडला. पंप मिक्सरसारखा कोकलू लागला. तापमान मात्र जेमतेम एका अंशाने उतरून ठाण मांडून बसलं.

"तू मोठा शहाणा" इथून निघालेलं भांडण लहानपणी मोडलेल्या सायकलपर्यंत गेलं, तेव्हा कुठे पंप मध्यम वेगावर आणला गेला. तेवढ्यात आई आली, कॉम्प्युटरच्या मागे वाकून काहीतरी करून गेली. दोघांचे डोळे स्क्रीनला चिकटलेले. तापमान झरझर खाली आलं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" दोघे एकदम ओरडले.



दारात आई लोकरीचे मोजे चाचपत उभी होती. "त्या मागच्या गरम जाळीवर काय छान वाळतात रे! थांबा, आता बाबांचा स्वेटर वाळत घालते."