वीतभर पायरी

आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा घरांपुढच्या दगडी पायऱ्या तेवढ्या आम्ही उचलून आणल्या. नव्या वस्तीतल्या बागेत त्या जुन्या गल्लीसारख्याच, ओळीनं मांडल्या. उद्‌घाटनाला मात्र सगळे परक्याच्या घरी आल्यासारखे अवघडून उभे.

तेवढ्यात आई कडाडली, "हिची पायरी वीतभर माझ्या दारात आलीये!"

"आलीये कसली, होतीच! तुझंच दार सरकलं असेल!" शेजारच्या काकूंनी बाह्या सरसावल्या.

बाग आखणारा इंजिनिअर गांगरला. "मागे घेऊ का पायरी?"

"खबरदार हात लावाल तर!" बाबांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. "गाव बुडाल्यापासून या दोघी एकमेकींना अहोजाहो करत होत्या हो. आज वर आलं आमचं गाव!"