सतरा नंबरची पवनचक्की

“दार उघडं दिसून राह्यलं, सर,” धम्मशीला म्हणाली.

कुलदीपने तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. सतरा नंबरची पवनचक्की पंचवीस मिनिटांपासून थांबलेली होती. तिच्या बुंध्याशी असलेल्या दाराची खूण लाल झाली होती. चक्की पोलंडमध्ये होती आणि धम्मशीला बुलढाण्यात, चिखली रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. पोलंडमध्ये सकाळचे साडेआठ वाजले होते, इथे दुपारचे बारा.

कंपनी युरोपभर वीज प्रकल्प विकत घेत सुटली होती. आधी पोर्तुगालमधले दोन, मग रुमानियातला, आणि गेल्या महिन्यात पोलंडमधला हा. प्रकल्प घेतला की तिथली कंट्रोल रूम बंद व्हायची आणि काम बुलढाण्याला यायचं. इथे पेढे वाटले जायचे. पोलंडची यंत्रं जुनी होती. यंत्र सुरू होऊ नये म्हणून काम करणाऱ्याने खाली कुलूप लावलं तरी ते नव्या सिस्टीमला कळत नसे, आणि बुलढाण्यातून यंत्र सुरू करता येई. हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुरुस्ती पुढच्या महिन्यात व्हायची होती.

“त्या मशीनचे सेन्सर खराब आहेत. काल तीन दारं उघडी दाखवत होती, आत कोणीच नव्हतं,” कुलदीप म्हणाला. तो शिफ्टचा प्रमुख होता. “आज वरच्या लोकांचा नवीन सौदा होऊन राह्यला. सगळे आकडे पाहत बसले. चालू कर.”

तिने तिथल्या साइटवर फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला.

“धम्मशीला.”

तिने बटण दाबलं. पडद्यावरची पाती सावकाश फिरायला लागली.

चक्कीत असलेल्या माणसाचं नाव मारेक होतं. तो वर, फिरत्या दांड्याला खेटून काम करत होता. बाकीचे दोघे शेजारच्या चक्कीवर गेले होते. ते त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कंपनीने दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं. मारेक कुणालाही न कळवता, नियम मोडून वर चढला होता, असं त्यात लिहिलं होतं.

चौकशी व्हिडिओवर होणार होती. आदल्या दिवशी कुलदीपने धम्मशीलाला जिन्यात थांबवलं. तो ओरडला नाही. त्याचे डोळे सुजलेले होते.

“एकच वाक्य सांग. दार बंद दिसत होतं. जुन्या मशीनच्या दाराची नोंद सिस्टीममध्ये राहत नाही, मी पाह्यलं. तू दुसरं काही बोललीस तर ही रूम बंद करतील. साठ घरं चालतात हिच्यावर. दुसरं काय आहे इथं, सांग मले.”

संध्याकाळच्या बसने ती अमडापूरला घरी गेली. तिचे वडील अर्जुनराव वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. ते मेथी निवडत बसले होते. तिने सगळं सांगितलं. बाबांनी ‘जाऊ दे’ म्हणावं, असं तिला वाटत होतं.

“तुले दिसलं होतं?” त्यांनी विचारलं.

“हाव.”

“मंग?”

“मंग दाबलं, बाबा.”

मेथीची एकच काडी अर्जुनरावांच्या बोटांत फिरत राहिली.

“मी तीस वर्षं खांबावर चढलो,” ते म्हणाले. “सबस्टेशनचा माणूस फोनवर सांगे, लाइन बंद केली, चढा. त्याचं तोंड कधी पाह्यलं नाही मी. त्याच्या शब्दावर तारेले हात लावत होतो.”

“साठ घरं आहेत, बाबा.”

“हाव,” अर्जुनराव म्हणाले. “आन् एक त्याचं.”

ती जेवली नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर कंपनीचे दोन वकील होते, पोलंडचा एक सरकारी अधिकारी होता, आणि एका चौकोनात मारेकची बायको, शेजारी दुभाषी. बाईने केस घट्ट बांधले होते. ती कुणाकडेच पाहत नव्हती. इकडे कुलदीप धम्मशीलाच्या बाजूला बसला होता.

अधिकाऱ्याने विचारलं, “यंत्र सुरू करताना दाराची स्थिती काय होती?”

धम्मशीला इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलली. “दार उघडं होतं. मला ते दिसत होतं. साइटवर कुणी फोन उचलला नाही. तरी मी यंत्र सुरू केलं.”

एक वकील पुढे झुकला. “याची कुठेही नोंद नाही. तुम्हाला खात्री आहे?”

“नोंद नाही,” ती म्हणाली. “मी आहे.”

“सुरू करायला कुणी सांगितलं?”

“आमच्या प्रमुखांनी. पण बटण माझ्या हाताखाली होतं.”

कुलदीप खुर्ची मागे सरकवून उठला आणि बाहेर गेला. काचेपलीकडे हॉलमध्ये माणसं काम करत होती. त्याने त्यांना काहीतरी सांगितलं. एकेक मान वळली, आणि मग एकेक परत फिरली. उद्यापासून यातलं कुणी आपल्याशी बोलणार नाही, हे धम्मशीलाला कळलं. आता ती बाई शिव्या देईल. द्याव्यात, असं तिला वाटलं.

मारेकच्या बायकोने पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. ती हळू आवाजात बरंच बोलली. मध्येच थांबली. पुन्हा बोलली. दुभाष्याने आधी सगळं ऐकून घेतलं.

“त्या म्हणतात, त्यांची मुलगी वडिलांच्या अंत्यविधीला आली नाही,” तो म्हणाला. “नियम मोडून मेला, आपला विचारही केला नाही, म्हणून ती वडिलांवर चिडली आहे. ती आत्ता बाजूच्या खोलीत आहे. त्या विचारतात, तिला बोलावलं तर तुम्ही हेच पुन्हा एकदा सांगाल का?”