दोर

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं आणि तरीही गोदावरी, तिथल्या लोकांची गंगा, चढत होती. वर धरणातून पाणी सोडलं होतं. काठावरच्या सगळ्यांनी नदीत बसवलेल्या आपापल्या पाण्याच्या मोटरी केव्हाच बाहेर काढल्या होत्या. राहिली होती फक्त पंडितची. छातीभर पाण्यात उभा राहून तो ती रेटत होता आणि काठावरून त्याची लेक ऋतुजा मोटरीला बांधलेला दोर ओढत होती. तिनं पाण्याच्या कडेला रोवलेली काठी बघता बघता बुडाली.

“आबा, वर या! गंगा लई चढायलीय.”

“कॉलेजात जाऊन भित्री झालीस व्हय गं? वढ! मोटर गेली तर मोसंबीची बाग वाळंल. मी हिला सोडून येत न्हाई.”

पाणी गळ्याशी आलं आणि अचानक दोर सैल पडला. मोटर त्याच्या हातांतून हिसडा देऊन गेली ती गेलीच. पंडित रिकाम्या हातांनी कसाबसा काठ चढला.

“दोर हातातून निसटला, आबा.”

त्यानं तिचे तळवे उघडून पाहिले. एवढ्या वजनाचा दोर हातातून सरकला असता, तर कातडी सोलून निघाली असती. तळवे ओढून ओढून लाल झाले होते, पण सोललेलं कुठंच नव्हतं. ऋतुजानं मान खाली घातली.

पंडितनं तिच्या मुठी हळूच मिटल्या.

“आईनं इचारलं तर सांग, आबाच्या हातून सुटली.”