दोघांचं एकमत

मॅनेजरने तीन पेले टेबलावर मांडले आणि दार लावून घेतलं.

"काका, या तीनपैकी एका बॅचमध्ये टाकी धुण्याचं रसायन उतरलंय. कुठल्या, ते कळत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल परवा येणार, आणि ट्रक भरून खाली उभे आहेत."

"मग थांबवा की ट्रक."

"मालक ऐकतात कुठे? म्हणाले, आपल्याकडे काका असताना अहवाल कशाला? पण चाखू नका हं. घोटभर पोटात गेलं तरी माणूस उठायचा नाही. वासावरच सांगा."

बर्बन व्हिस्कीच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना नाकवाले काका म्हणत. दोन बॅच शेजारी ठेवल्या, की एकीत करपलेल्या साखरेची चव पुढे आहे आणि दुसरीत लाकूडच जास्त बोलतंय, हे ते पेला ओठाला लावायच्या आधीच सांगत. पण हिवाळ्यातल्या तापाने घरातल्या कुणालाच सोडलं नाही. काकू त्यात गेली, आणि काकांचं नाकही गेलं. तेव्हापासून त्यांना व्हिस्की आणि नळाचं पाणी सारखंच.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पुतणीलाही नाही. आईबापांविना त्यांच्याच घरी वाढलेली ती पोर त्यांच्याच हाताखाली शिकली होती, आणि त्यांच्या मते त्यांच्याहून सरस निघाली होती. हल्ली प्रत्येक बॅच दोघं मिळून तपासत. तिच्या भुवया जरा वर गेल्या, की काका म्हणत, "झकास." तिने ओठ मुडपले, की म्हणत, "अजून मुरू दे." आजवर कुणाची तक्रार आली नव्हती.

"पोरीला बोलवा," काका म्हणाले.

पुतणी आली. मॅनेजरने सगळं पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"आधी तुम्ही, काका," ती नेहमीसारखंच म्हणाली.

काकांनी पहिला पेला हुंगला आणि तिच्याकडे सरकवला. तिने तो नाकाशी धरला. कपाळावर आठीसुद्धा नाही. दुसरा खाली ठेवताना काकांचा हात थरथरला आणि पेला जरा आपटलाच. पुतणीने तो नाकाजवळ नेला न नेला तोच झटकन बाजूला केला. तिसरा तिने शांतपणे हुंगला.

"दुसरी," काका म्हणाले.

"दुसरीच," ती म्हणाली.

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. "दोघांचं एकमत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" म्हणत तो जिन्याने धावतच उतरला.

दुसऱ्या बॅचची खोकी खाली उतरवली गेली. बाकीचे ट्रक एकामागून एक फाटकाबाहेर पडले आणि वळणावर दिसेनासे झाले. खिडकीशी उभ्या काकांना हायसं वाटलं. आज पोर नसती तर किती घरं बसली असती, कोण जाणे.

"पोरी, आता मी थांबतो," ते म्हणाले. "उद्यापासून ही खुर्ची तुझी. मालकांशी मीच बोलतो."

तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"नको, काका. तुम्ही गेलात तर माझं पितळ उघडं पडेल. त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. आजवर मी तुमच्याच चेहऱ्याकडे बघून सांगत आले."